विहिरीपर्यंतचा उतार

आमच्या सोसायटीतल्या एकाही शहाण्याने मे महिन्यातलं धरण बघितलेलं नव्हतं, आणि तरीही पाण्याच्या बाजूला कुणी काय बांधायचं हे तेच ठरवायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर का चढला ते कळेल. तसा तो चढतोच. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली आहे. एका पेशंटमागे अख्खी भावकी वॉर्डात घुसते तिथे गोड बोलून कुणी बाहेर जात नाही.

राहुरीच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याच्या काठी ही बंगल्यांची सोसायटी आहे. मालक पुण्याचे, नाशिकचे, नगरचे. गणपती उठले की येतात आणि संक्रांतीपर्यंत दर शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. पाणी काठोकाठ असतं, फोटो निघतात, कोंबड्या भाजल्या जातात, आणि रात्री गाणी अशी लावतात की आमच्या घरातली भांडी वाजावीत. होळीनंतर पाणी मागे सरकायला लागतं, गाळ उघडा पडतो, त्याला वास येतो आणि मंडळी गायब होतात. मग उरतो आम्ही दोघं, वॉचमन आणि कुत्री. बारा महिने राहणारं घर आमचं एकच.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझे वडील. त्यांना मी दादा म्हणते. शुगर फॅक्टरीत फिटर होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. ज्यांना त्याचं वाईट वाटायचं होतं त्यांचं वाटून झालं आहे.

प्लॉट दादांनीच निवडला. एजंट म्हणत होता, पावसाळा संपू द्या, मग दाखवतो, तेव्हा बघा शोभा. दादा म्हणाले, मला आत्ताच बघायचाय. मे महिना होता, डांबराला चपला चिकटत होत्या. पाणी पार लांब गेलेलं आणि अलीकडे नुसता भेगाळलेला गाळ. एजंट बिचारा ओशाळून उभा. दादा मागच्या टोकाला गेले, कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हाच घे. मला वाटलं, वारा आवडला असेल.

ते विहीर बघत होते हे घर बांधून झाल्यावर कळलं. धरण झालं तेव्हा दादांचं गाव पाण्याखाली गेलं. गाव खोलात आहे, ते कधी दिसत नाही. पण गावाच्या वरच्या चढावर एक विहीर होती. फार कमी पाण्याच्या उन्हाळ्यात तिचं घडीव दगडाचं गोल कडं गाळातून वर येतं. आमच्या मागच्या दारातून हाक मारली तर ऐकू जाईल, एवढ्याच अंतरावर. दरसाल येत नाही. दोन-दोन, तीन-तीन वर्षं दर्शनच देत नाही.

"एकदा जाऊन बसायचंय तिच्या कड्यावर," दादा म्हणाले.

बसू की, मी म्हणाले, त्यात काय अवघड आहे. म्हातारपणी माणसाला आपलं गाव आठवतं, मी तेवढाच अर्थ लावला.

आणि त्याच पावसाळ्यात दादा बाथरूममध्ये घसरले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, रॉड पडला, ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बापांना चालवलं तिने आपल्या बापाला वॉकरवर चालवलं. घरातल्या घरात ते छान फिरायला लागले. पायरी मात्र एकही चढता-उतरता येईना. पुढच्या उन्हाळ्यात विहीर वर आली. दादा मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि तिच्याकडे बघायचे. जेवायला हाक मारली तरी वळायचे नाहीत. पाऊस पडला, पाणी चढलं, विहीर गेली, तेव्हा कुठे खुर्ची हलली.

आमच्या मागच्या अंगणातून धरणाच्या तळात उतरायचं म्हणजे पुरुषभर उंचीची मुरमाची दरड. सोसायटीचा एक सामाईक दरवाजा आहे, पण त्याच्या दगडी पायऱ्या इतक्या उंच की मीच धरून धरून उतरते. उचलून न्यायचं म्हटलं असतं तर चार माणसं मिळाली असती. मी तसं बोलून बघितलं. दादा म्हणाले, "खांद्यावर एकदाच जायचं आसतं. त्याला आजून येळ हाय." पुढे बोलायची सोय राहिली नाही.

मग मी ठरवलं की उतार बांधायचा. मागच्या दारापासून वळण घेत घेत, वॉकर धरलेल्या माणसाला झेपेल असा सावकाश उतार, दोन्ही बाजूंनी धरायला पाइप, आणि शेवटी सोसायटीच्या कुंपणाच्या जाळीत एक लहानसं फाटक. गवंडी देवळाली प्रवऱ्याचा, आमचं घर त्यानेच बांधलेलं. जागा बघून म्हणाला, पंधरा दिवसांचं काम आहे. त्या पंधरा दिवसांच्या कामाच्या परवानगीसाठी माझं एक वर्ष खाल्लं या लोकांनी.

सोसायटीचा नियम असा की पाण्याच्या बाजूला काहीही बांधायचं तर समितीची मंजुरी हवी. काहीही म्हणजे काहीही. कुणीतरी तुळशीचं वृंदावन बांधलं तर त्याचंही तोंड कुठे असावं यावर बैठक झाली होती. समिती म्हणजे तसे पाच-सहा लोक, पण बोलायचे दोघेच. एक अध्यक्ष. रिटायर्ड इंजिनियर, नगरला राहायचे, पंचाहत्तरी ओलांडलेली, पण ताठ. बोलणं मऊ. मला कायम सिस्टर म्हणायचे, जसं काही मी अजून त्यांचं बीपी बघायला आले आहे. दुसरा सेक्रेटरी. पुण्याचा, कंप्युटरवाला, हाफ पँटीत बैठकीला येणारा. तो मला मॅम म्हणायचा.

पहिल्या बैठकीत सेक्रेटरीने लॅपटॉप उघडला आणि मला समजावून सांगितलं की सगळ्या बंगल्यांसमोरून पाण्याकडे जी नजर जाते ती सगळ्यांची मिळून असते, तिच्यात एकट्याने पाइप उभे करायचे नसतात. मी विचारलं, आणि तुमच्या बंगल्यामागे जो चार खांबांचा मांडव उभा आहे, त्यातून नजर आरपार जाते का? तो म्हणाला, ते तात्पुरतं बांधकाम आहे. सिमेंटचे खांब, वर कौलं, आत पंखा, आणि तात्पुरतं! मी हसले. तिथेच माझं पहिलं चुकलं असावं, कारण हसलेलं या लोकांना शिवीपेक्षा जास्त लागतं.

मग फाटकाचा मुद्दा निघाला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या गाळात आजूबाजूची धरणग्रस्त माणसं पेरा करतात. त्याला गाळपेर म्हणतात. काकडी, कलिंगड, मका, आणि मागोमाग त्यांची शेरडं. ही जाळी मारली ती याच माणसांसाठी आणि शेरडांसाठी. सेक्रेटरीचं म्हणणं, आज तुम्हाला फाटक दिलं तर उद्या शेळ्या लॉनवर. मी म्हटलं, बाबा रे, घोडेगावच्या बाजारातून आणलेली शेळी तुझ्या जाळीला विचारून येत नाही, ती आत्ताही येते, फक्त तू तेव्हा पुण्यात असतोस. "आणि ते लोक?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं. मी त्या कोपऱ्याकडे वळून म्हणाले की ते लोक म्हणजे आम्हीच, माझे वडील धरणग्रस्त आहेत. त्यावर सगळे चहा प्यायला लागले.

अध्यक्षांनी मऊ आवाजात विषय गुंडाळला. जाळीपलीकडची जमीन सरकारी आहे, तेव्हा सिस्टर, तुम्ही आधी पाटबंधारे खात्याचं काय म्हणणं आहे ते बघा.

बघितलं. नगरला हेलपाटे घातले. तिथल्या साहेबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, जाळीच्या आत तुमचं तुम्ही बघा, जाळीच्या बाहेर तुम्ही काही बांधताय का? नाही. माणूस फक्त चालणार आहे? हो. मग चालू द्या, चालायला परवानगी कसली. इतकं सरळ उत्तर ऐकून मला भरून आलं. तेच उत्तर मी सोसायटीत येऊन सांगितलं तर सेक्रेटरी म्हणाला, बरोबर आहे मॅम, पण आता आर्किटेक्टचं ड्रॉइंग लागेल. ड्रॉइंग दिलं. मग म्हणे, शेजारच्या दोन्ही बंगल्यांची हरकत नसल्याचं हवं. एक शेजारी दुबईला, दुसऱ्याचा भावाशी कोर्टात दावा, घर कुणाचं हेच ठरलेलं नाही. वाटाण्याच्या अक्षता लावायच्या तर सरळ लावा ना, माणसाला कशाला पळवता!

घरी दादा काही विचारायचे नाहीत. मी तणतणत यायची, भांडी आपटायची. ते खिडकीतून भरलेल्या धरणाकडे बघत बसलेले असायचे. एवढंच म्हणायचे, व्हईल गं. ते व्हईल ऐकलं की माझ्या डोक्यात आणखी तिडीक जायची. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने एवढा धीर कुठून आणायचा, आणि का आणायचा?

कळस झाला तो बाकड्याने. या पळापळीत मधला उन्हाळा गेला, त्या साली विहीर वर आलीच नाही, आणि पुढच्या दिवाळीच्या आधी सेक्रेटरी स्वतः घरी आला, मिठाईचा बॉक्स घेऊन. समितीने तोडगा काढला होता. सामाईक बागेत ज्येष्ठांसाठी एक बाक टाकायचा, अगदी पाण्याकडे तोंड करून, आणि हवं तर त्यावर दादांचं नावही घालायचं. म्हणाला, तिथून सेम व्ह्यू आहे मॅम, आणि चढउतार काही नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकावर नाव कुणाचं घालतात हे काय मला माहीत नाही? दवाखान्याच्या आवारात असे डझनभर बाक होते, सगळे मेलेल्यांचे.

"माझ्या बापाला बघायचं नाहीये," मी म्हणाले. "त्यांना जायचंय."

मिठाई त्याच्याबरोबर परत पाठवली. दादा आतून म्हणाले, काजूकतली हुती का? मी म्हटलं, गप बसा.

दिवाळीनंतर सोसायटीची वार्षिक सभा होती. लॉनवर मांडव, मागे भरलेलं पाणी, सगळे सहकुटुंब आलेले. माझा विषय सगळ्यात शेवटी ठेवलेला, म्हणजे तोपर्यंत लोक जेवायला उठतील. मी पण हट्टाला पेटले होते. दादांना इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि वॉकरसकट मागच्या रांगेत नेऊन बसवलं. म्हटलं, बघू दे यांना कुणाला नाही म्हणताहेत ते.

सुरुवातीला अध्यक्षांचं भाषण. ते दरवर्षी असायचं म्हणे. आम्ही सभेला गेलो ती पहिलीच वेळ. पाणीपट्टी, दिवे, कुत्री असं सगळं झाल्यावर त्यांचा आवाज बदलला. पाठीमागच्या पाण्याकडे हात करून म्हणाले, तुम्ही सगळे इथे हवा खायला आलात, मी मात्र माझ्या गावाजवळ राहायला मिळावं म्हणून आलो. माझं बालपण या पाण्याखाली आहे. आणि त्यांनी गावाचं नाव घेतलं. या धरणात बरीच गावं गेली, त्यामुळे आजवर माझ्या मनात कधी आलं नव्हतं. त्यांनी घेतलं ते आमच्याच गावाचं नाव होतं.

मी दादांकडे बघितलं. त्यांचा चेहरा जसाच्या तसा.

अध्यक्ष आता रंगात आले होते. शाळा, मारुतीचा पार, चिंचेखालचा बाजार. आणि वेशीबाहेर चढावरची ती विहीर, घडीव दगडाची, सगळं गाव तिचं पाणी प्यायचं. एकदा तरी ती डोळ्यांनी पाहायला मिळावी, एवढीच आता इच्छा आहे, असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. पोरंबाळं सुद्धा शांत झाली होती.

तेवढ्यात वॉकरचा खट् असा आवाज झाला. दादा उठून उभे राहिले होते.

"ती विहीर उन्हाळ्यात वर येती," ते म्हणाले. "मी बी त्याच गावचा हाय."

पुढचं सगळं मी बघितलं म्हणून सांगते, नाहीतर कुणाचा विश्वास बसायचा नाही. अध्यक्ष स्टेजवरून जवळजवळ धावत खाली आले. खुर्च्या सरकवत मागच्या रांगेपर्यंत पोचले आणि त्यांनी माझ्या बापाला मिठी मारली. अहो मग आधी सांगायचं नाही का, म्हणाले, आपण गाववाले! सिस्टर, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत! कुणाचे तुम्ही, घर कुठे होतं? दादा म्हणाले, वढ्यापलीकडं. अध्यक्षांचे हात दादांच्या खांद्यांवर होते ते तिथेच क्षणभर थबकले. ओढ्यापलीकडे कुणाची वस्ती होती हे त्या गावच्या माणसाला सांगावं लागत नाही. मग त्यांनी खांदे पुन्हा थोपटले, म्हणाले, बरं बरं, असू द्या, गाव एकच. आणि तिथूनच सेक्रेटरीला मोठ्याने सांगितलं की यांचा उतार मंजूर करून टाका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने तर डोळे पुसले.

एक वर्ष! ड्रॉइंग, शेजारी, शेळ्या, सगळ्यांची मिळून नजर, सगळं एका मिठीत वाहून गेलं. म्हणजे नियम नव्हताच कधी. मला आनंद व्हायला हवा होता आणि मला त्या मांडवाची कनात ओढून काढावीशी वाटत होती. दादांचे दोन्ही हात त्या सगळ्या वेळात वॉकरवरच होते. त्यांनी मिठी मारून घेतली, मारली नाही.

घरी आल्यावर मी त्यांना तोडून बोलले. तुम्हाला तो माणूस माहीत होता का? नव्हता. मग गावाचं प्रेम एवढं उतू जात होतं तर आधी सांगायचं, माझे हेलपाटे तरी वाचले असते. आणि काय आहे त्या विहिरीत? गाळ भरलाय काठापर्यंत. नुसतं दगडाचं कडं आहे. दगडच बघायचे तर अंगणात आणून टाकते.

दादा खुर्चीत बसले, सदऱ्याची वरची गुंडी काढली, आणि पहिल्यांदाच बोलले.

"तुजी आजी घागर घिऊन तिथं उभी ऱ्हायची," म्हणाले. "लांब. उनात. कुनी वतलं तर पानी. न्हाई वतलं तर उभीच."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ते सात-आठ वर्षांचे असतील. आजीबरोबर गेले होते. बराच वेळ झाला, कुणी पाणी घालेना. पोराचा जीव, त्याला बघायचं होतं की विहिरीत पाणी वरून दिसतं कसं. आभाळ दिसतं म्हणतात आतमध्ये, ते खरं का. आजीचं लक्ष नाही बघून ते पुढे गेले आणि दोन्ही हात कड्यावर ठेवले. वाकायच्या आतच मोटेवरच्या माणसाचा आसूड पाठीत बसला. आणखी दोघंतिघं धावून आले. तेव्हा आजी घागर टाकून आली आणि तिनेच पोराला धरून मारायला सुरुवात केली. इतकं मारलं की आलेले लोक थांबले, म्हणाले, पुरे बाई, मरंल. आजीला तेवढंच हवं होतं. घरी नेऊन ती रात्रभर त्यांच्या पाठीला तेल लावत होती.

मी विचारलं, कोण होता आसूडवाला? अध्यक्षांच्या घरातला का? दादा म्हणाले, वर बघायची सोय न्हवती.

मग आता तिथे काय बघायचंय तुम्हाला, मी विचारलं. आवाज माझा पार खाली आला होता.

"बगायचं न्हाई," दादा म्हणाले. "बसायचंय."

मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. सगळं गाव तिचं पाणी प्यायचं म्हणे. उठून परत मांडवात जाऊन त्या माणसाच्या हातातला माईक ओढून घ्यावा असं वाटलं. दादांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. म्हणाले, उतार बांदून घे आदी.

बांधून घेतला. गवंड्याने वरचा थर मुद्दाम खडबडीत ठेवला, ओल्या सिमेंटवर खराटा ओढून, म्हणजे वॉकर सरकू नये. काम संपत आलं तसा सेक्रेटरीचा मोबाईलवर निरोप, पाइपांना चंदेरी नाही, फिकट बदामी रंग द्या, सगळ्या सोसायटीला शोभेल असा. मी पाइप निळे केले. गडद निळे. तो रंग का, हे त्याने विचारलं नाही. बहुतेक त्याला कळलं असावं.

मग वाट बघणं सुरू झालं. त्या साली पाऊस बेताचा झाला होता, कालव्यांना पाणी सोडून सोडून धरण भराभर खाली चाललं होतं. सगळा तालुका आभाळाकडे बघत होता आणि मी रोज सकाळी मागच्या दारात उभी राहून म्हणत होते, अजून आट. लाज वाटायची, तरी म्हणत होते. एप्रिल संपता संपता गाळात एक काळी कोर दिसली. आठवड्याभरात अर्धं वर्तुळ, मग अख्खं कडं. गाळपेरवाल्यांच्या ट्रॅक्टरने येऊन-जाऊन जाळीपासून तिथपर्यंत वाट चांगली घट्ट केलेली होती. जणू आमच्यासाठीच.

अध्यक्षांना कुणी कळवलं, वॉचमननेच कळवलं असणार. त्यांचा फोन आला. मी येतो, म्हणाले, आपण बरोबरच जाऊ, दोघे गाववाले. मी तोंडावर नाही म्हणणार होते. दादा म्हणाले, यिऊ दे.

ते आले ते नारळ घेऊन. उन्हाळ्यात सोसायटीत यायची त्यांची ती पहिलीच वेळ. फाटकाशी उभे राहून समोर पसरलेला गाळ बघितला आणि म्हणाले, अरे बापरे, एवढं पाणी जातं? माझ्या एका हातात प्लॅस्टिकची खुर्ची होती, दादांना वाटेत टेकायला, आणि दुसऱ्या हातात छत्री. दवाखान्यातून निवृत्त झाले तेव्हा स्टाफने दिलेली, काळी, तिघं सहज मावतील एवढी मोठी.

दादा उतारावरून उतरले. मला हात लावू दिला नाही. वॉकर पुढे, मग पाय, मग वॉकर. निळ्या पाइपाला एकदाही धरलं नाही, मेली मी त्याच्यावरून एवढी भांडले! खाली वाटेवर दोनदा खुर्ची टाकावी लागली. अध्यक्ष आधी बोलत होते, इथे पार असेल, तिथे शाळा. नंतर उन्हाने त्यांचंही बोलणं थांबलं.

विहीर म्हणजे आता खरंच नुसतं कडं. आत काठोकाठ गाळ, वाळून भेगा पडलेला, मधोमध कुणा गाळपेरवाल्याच्या हातून सांडलेल्या बीची काकडीची वेल आलेली. दादांनी वॉकर बाजूला ठेवला. दोन्ही तळहात कड्यावर ठेवले. वाकून आत बघितलं, चांगलं सावकाश. मग वळले, आणि दगडावर बसले. तापलेला असणार तो, पण हलले नाहीत. मी छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली.

अध्यक्ष चार पावलं अलीकडेच थांबले होते, नारळ हातात. फोडायला काही आणलंच नव्हतं आणि कड्यावर फोडायचा तर तिथे दादा बसलेले. त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं ते, हे मला मान्य करावंच लागेल.

"काय गोड पाणी होतं हो या विहिरीचं," ते म्हणाले. "अजून जिभेवर आहे माझ्या. आठवतं ना, दादा?"

दादांनी त्यांच्याकडे बघितलं. सरळ, वर मान करून.

"आसंल गोड," म्हणाले. "मला काय म्हाईत."

अध्यक्ष आपल्या बुटांवरच्या गाळाकडे बघायला लागले. मी दादांना विचारलं, निघायचं का. ते म्हणाले, बसू दे आजून. घाई न्हाई.

तिथे सावली कसली ती नाही. अध्यक्ष नारळ धरून उन्हात उभे राहिले. छत्रीत जागा होती. मी त्यांना या म्हणाले नाही.